बसून राहिलेली विजेती : विम्बल्डनची महिला एकेरी, १९०० ते १९१४

विम्बल्डनच्या महिला एकेरीचे १९०० ते १९१४ या पंधरा वर्षांचे निकाल एका कागदावर उतरवून काढले, की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. गतविजेती आपलं पद राखायला कोर्टवर उतरली ती दहाच वेळा, आणि त्या दहांपैकी सहा वेळा हरली. उरलेल्या पाच वर्षी ती आलीच नाही. समोरच्या खेळाडूला पुढे चाल मिळाली आणि विजेतेपद तिच्या नावावर लागलं. ज्या व्यवस्थेला गतविजेतीची मोठी सवलत म्हणून नावं ठेवली जातात, तिचा हा हिशेब आहे. त्या काळातल्या खेळाडूंची थोरवी मोजताना हा हिशेब क्वचितच कोणी मांडतं. नुसती विजेतेपदांची बेरीज होते, आणि ती बेरीज बऱ्यापैकी फसवी आहे.

व्यवस्था अशी होती. त्या वर्षी ज्यांना खेळायचं त्या सगळ्यांनी बाद फेऱ्या खेळायच्या, त्यातून एक विजयी निघायची. या भागाला ‘ऑल कमर्स’ म्हणत. आदल्या वर्षीची विजेती या सगळ्यात नसे. शेवटी ती एकदाच उतरे, ऑल कमर्स जिंकणारीशी खेळे, आणि तो सामना म्हणजे ‘चॅलेंज राउंड’. जत्रेच्या फडात दिवसभर कुस्त्या होत राहाव्यात आणि मानाच्या कुस्तीचा पैलवान फेटा बांधून कडेला बसलेला असावा, तसा हा प्रकार. महिलांसाठी ही पद्धत १८८६ मध्ये सुरू झाली आणि १९२२ मध्ये बंद झाली. म्हणजे आज आपण ज्याला अंतिम सामना म्हणतो, तो त्या काळी दोन वेगळ्या गोष्टींचं नाव असू शकतो, आणि जुन्या याद्या वाचताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

मुळात विम्बल्डनने बायकांना घ्यायला उशीरच केला. डब्लिनमध्ये १८७९ सालीच महिला एकेरी झाली होती. विम्बल्डनला ती १८८४ मध्ये आली, तेरा नावं आली, आणि मॉड वॉटसनने अंतिम सामन्यात आपल्याच बहिणीला, लिलियनला, हरवलं. पुढच्या काही वर्षांत उत्साह इतका ओसरला की १८९० मध्ये चारच खेळाडू होत्या. लॉटी डॉड पंधराव्या वर्षी जिंकली, पाच विजेतेपदं घेतली आणि एकविसाव्या वर्षी टेनिस सोडून हॉकी-गोल्फकडे वळली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उरल्या त्या दोन मुख्य खेळाडू : ब्लँच बिंगली-हिलयार्ड आणि शार्लट कूपर.

हिलयार्डबाई १८८४ च्या पहिल्या स्पर्धेत खेळल्या होत्या आणि १९१३ मध्ये, पन्नाशीच्या तोंडाशी, अजून खेळत होत्या. त्यांचं पहिलं विजेतेपद १८८६ चं, सहावं आणि शेवटचं १९०० चं. त्या वर्षी चॅलेंज राउंडमध्ये त्यांनी कूपरला ४-६, ६-४, ६-४ असं हरवलं. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कूपरने एलेन प्रेव्होला ६-१, ६-४ असं नमवून एकेरी जिंकली. वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिक विजेतेपद मिळवणारी टेनिसमधली पहिली स्त्री ती. कूपरचं वैशिष्ट्य आणखी एक. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिची श्रवणशक्ती गेली. रॅकेटवर चेंडू आपटल्याचा आवाज हा टेनिसपटूचा अर्धा अंदाज असतो. त्यावाचून ती पुढे तीन वेळा विम्बल्डन जिंकली. बायका खालून सर्व्हिस करत त्या काळात ती डोक्यावरून सर्व्हिस करी आणि नेटवर धावून जाई. १८९५ ते १९०२ अशी सलग आठ वर्षं ती निर्णायक सामन्यात होती. हा विक्रम मोडायला मार्टिना नवरातिलोवा यावी लागली, १९९० मध्ये.

१९०१ मध्ये कूपर (आता मिसेस स्टेरी) हिने हिलयार्डला ६-२, ६-२ असं सहज हरवलं. १९०२ चा चॅलेंज राउंड मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. न्यूकॅसलची म्यूरिअल रॉब समोर होती. पहिला सेट स्टेरीने ६-४ घेतला, दुसरा रॉबने १३-११, आणि पाऊस आला. दुसऱ्या दिवशी जिथे थांबला तिथून सामना सुरू करण्याऐवजी तो मुळापासून पुन्हा खेळवला गेला. रॉब ७-५, ६-१ अशी जिंकली. दोन दिवसांचे मिळून ५३ गेम झाले, पण अधिकृत निकालात १९च दिसतात. रॉब पुढच्या वर्षी विजेतेपद राखायला आली नाही, आणि १९०७ मध्ये अठ्ठावीस वर्षांची असतानाच वारली. विजेत्यांच्या यादीत तिचं नाव एकदाच येतं, त्यामुळे ती तळटीप होऊन बसली आहे. त्या एका सामन्याकडे पाहिलं तरी तिच्यावर हा अन्याय वाटतो.

रॉब आली नाही म्हणून १९०३ चं विजेतेपद ऑल कमर्सच्या अंतिम सामन्यातच ठरलं. डोरोथिया डग्लसने एथेल थॉमसनला ४-६, ६-४, ६-२ असं हरवलं. डग्लस ही ईलिंगच्या धर्मगुरूची मुलगी; स्टेरीही ईलिंगचीच. लंडनच्या एका उपनगराने दहा-बारा वर्षं महिला टेनिसवर जवळपास मालकी गाजवली, हे योगायोगाने झालं नाही. क्लब होता, हिरवळ होती, आणि दुपारचा वेळ रिकामा असणारा वर्ग होता.

आता ती तीन वर्षं, ज्यांच्यामुळे हा सगळा प्रश्न मला लिहावासा वाटला.

१९०४ मध्ये डग्लसने स्टेरीला ६-०, ६-३ असं नमवून पद राखलं. १९०५ मध्ये कॅलिफोर्नियाहून अठरा वर्षांची मे सटन आली. जन्म इंग्लंडातला, प्लिमथचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेला गेलेलं. पासाडेनाजवळच्या मळ्यात बहिणींबरोबर खेळून तयार झालेली. आदल्या वर्षी ती अमेरिकेची विजेती झाली होती. तिचा फोरहँड भरपूर टॉपस्पिन घेऊन यायचा आणि टप्पा पडल्यावर उसळायचा. इंग्लंडच्या हिरवळीवर बायकांना असा चेंडू ओळखीचा नव्हता. कोपरापर्यंत बाह्या सरसावून खेळते, घोटे दिसतील एवढा आखूड स्कर्ट घालते, यावर कुजबूज झाली. सटन एकही सेट न गमावता आली आणि डग्लसला ६-३, ६-४ असं हरवून विम्बल्डन जिंकणारी पहिली परदेशी खेळाडू ठरली. १९०६ मध्ये गतविजेती सटन बसून राहिली, डग्लस ऑल कमर्स खेळून आली आणि ६-३, ९-७ अशी जिंकली. १९०७ मध्ये डग्लस, लग्नानंतरची मिसेस लँबर्ट चेंबर्स, बसून राहिली. सटन सगळ्या फेऱ्या खेळून आली आणि ६-१, ६-४ अशी जिंकली.

त्याच दोघी, लागोपाठ तीन वर्षं, आणि तिन्ही वेळा बसून राहिलेली हरली. १९०६ मध्ये तर सटन आगगाडीने अमेरिका खंड ओलांडून, मग जहाजाने अटलांटिक पार करून आली होती, आणि विम्बल्डनपुरता तिच्या वाट्याला एकच सामना होता. हिरवळीचा अंदाज, त्या दिवसाच्या वाऱ्याचा अंदाज, चेंडूचा टप्पा, हे सगळं खेळून येणारीच्या हातात बसलेलं असतं. ताजंतवानं असण्याचा फायदा आहे, पण तो पाच सेटच्या पुरुषांच्या खेळात मोठा. तीन सेटच्या सामन्यात त्याचं मोल कमी होतं आणि सरावाचं वाढतं, असा माझा तर्क. दहाच सामन्यांचा हिशेब आहे, त्यावर नियम उभारता येणार नाही हे कबूल. शिवाय ऑल कमर्स जिंकणारी ही त्या वर्षीची सगळ्यात भरात असलेली खेळाडू असणारच. तरी गतविजेतीच्या आयत्या विजेतेपदाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे सहा पराभव समोर ठेवावेत.

दुसरी बाजूही आहे, आणि ती लँबर्ट चेंबर्सच्या नावावरच दिसते. तिची सात विजेतेपदं : १९०३, १९०४, १९०६, १९१०, १९११, १९१३, १९१४. यातली १९०४, १९११ आणि १९१४ ही तीन एकेका सामन्यात मिळालेली. १९११ मध्ये तिने डोरा बूथबीला ६-०, ६-० असं हरवलं. विम्बल्डनच्या महिला एकेरीच्या निर्णायक सामन्यात असा निकाल पुन्हा लागायला ११४ वर्षं जावी लागली. २०२५ मध्ये इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोवाला तसंच हरवलं. पण श्वियाँतेक सहा सामने जिंकून तिथे पोहोचली होती आणि चेंबर्सचा त्या वर्षीचा पहिला आणि शेवटचा सामना तोच. दोन्ही निकालांना एका रांगेत बसवणारे मथळे त्या आठवड्यात भरपूर छापले गेले.

गतविजेत्या पाच वेळा का आल्या नाहीत? इथे खेळ बाजूला राहतो आणि आयुष्य पुढे येतं. १९०८ मध्ये सटन कॅलिफोर्नियातच राहिली. त्या वर्षाच्या आरंभी पासाडेनाच्या गुलाबांच्या मिरवणुकीत तिला राणीचा मान मिळाला होता. विजेतेपद मोकळं पडलं आणि ते घेतलं स्टेरीने. दोन मुलांची आई, वय ३७ वर्षं २८२ दिवस. विम्बल्डनची सर्वांत वयस्क महिला एकेरी विजेती आजही तीच. वाटेत तिने लँबर्ट चेंबर्सला हरवलं होतं, अंतिम सामन्यात अ‍ॅग्नेस मॉर्टनला ६-४, ६-४ असं. पुढच्या वर्षी स्टेरी आली नाही, चेंबर्सही नव्हती. बूथबीने मॉर्टनला ६-४, ४-६, ८-६ असं हरवलं आणि १९०९ ची विजेती झाली. बिचारी मॉर्टन दोन वर्षं सलग अंतिम सामन्यात हरली आणि दोन्ही वेळा समोर गतविजेती नव्हती. १९१२ मध्ये पुन्हा चेंबर्स नाही. एथेल थॉमसन, आता मिसेस लार्कोम, जिंकली. १९०९ आणि १९१२ या चेंबर्सच्या दोन्ही गैरहजेऱ्यांच्या आगेमागे तिला मुलं झाली. दोन्ही वेळा परतल्यावर पहिल्याच वर्षी ती विजेती होती. तिच्यानंतर आई झालेली स्त्री विम्बल्डन एकेरी जिंकायला १९८० उजाडावं लागलं, इव्होन गूलागाँगच्या रूपाने. मधल्या ६६ वर्षांत आया खेळत नव्हत्या असं नाही. पण जिंकता जिंकता आई होणं आणि परत येऊन जिंकणं हे १९१४ आधी एकाहून अधिक जणींनी केलं होतं.

१९१३ ची गैरहजेरी वेगळी. त्या वर्षी महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी या स्पर्धा पहिल्यांदाच अधिकृतपणे विम्बल्डनला झाल्या. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात चेंडू लार्कोमच्या डोळ्याला लागला, सामना सोडावा लागला आणि एकेरीचं पदही राखता आलं नाही. चेंबर्सने विनिफ्रेड मॅकनेअरला ६-०, ६-४ असं हरवलं होतं तेवढ्यावर विजेतेपद तिचं झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, मताधिकाराची चळवळ ऐन भरात असताना, रॉकेल आणि लाकडाचे ढलपे घेऊन क्लबच्या आवारात शिरलेल्या एका बाईला रात्री पकडलं होतं. क्लबच्या आत बायका चांदीच्या थाळीसाठी खेळत होत्या आणि कुंपणाबाहेरच्या बायका तेच आवार पेटवायला निघाल्या होत्या. दोघींचा वर्ग पुष्कळदा एकच होता, हे विसरू नये.

त्या काळचं महिला टेनिस म्हणजे बागेतल्या चहापानाचा जोडधंदा, असा समज पुढच्या पिढीने पसरवला. युद्धानंतर विम्बल्डनला आलेल्या सुझान लेंग्लेनच्या झगमगाटात आधीच्या सगळ्या फिक्या दिसू लागल्या, त्याचा तो परिणाम. पण अटलांटिकपलीकडे पाहा. फिलाडेल्फियातल्या अमेरिकन विजेतेपदाचे निर्णायक सामने १८९१ ते १९०१ या काळात बायका पाच सेटचे खेळत. १९०१ मध्ये एलिझाबेथ मूरने मॅरियन जोन्सला ४-६, १-६, ९-७, ९-७, ६-३ असं हरवलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी चॅलेंज राउंडमध्ये मर्टल मॅकएटीरला ६-४, ३-६, ७-५, २-६, ६-२ असं. दोन दिवसांत १०५ गेम. यानंतर अमेरिकन संघटनेने बायकांचे सामने तीन सेटांवर आणले. मूरने याला विरोध केला. खेळणाऱ्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बायकांना पाच सेट झेपत नाहीत हा निष्कर्ष काढला कोणी, आणि कोणत्या पुराव्यावर? पुरावा तर उलट्या बाजूचा होता.

आणि हे सगळं कसल्या कपड्यांत! घट्ट कॉर्सेट, पेटिकोट, लांब बाह्या, गळ्याशी बंद, टाचांपर्यंत येणारा स्कर्ट. १९१२ पासून विम्बल्डनला खेळलेल्या एलिझाबेथ रायनने पुढे सांगून ठेवलंय की कपडे बदलायच्या खोलीत शेकोटीजवळ कॉर्सेटं वाळत टाकलेली असत आणि त्यांवर रक्ताचे डाग असत. पट्ट्या कातडीत रुतायच्या. चेंबर्सने १९१० मध्ये ‘लॉन टेनिस फॉर लेडीज’ हे पुस्तक लिहिलं. जमिनीपासून चार-पाच इंच वर राहील असा साधा, चुण्या नसलेला स्कर्ट घालावा, असा सल्ला त्यात आहे. आज हसू येईल. पण खेळाने बाईचं बाईपण जातं या आक्षेपाला त्याच पुस्तकात ती ज्या शांतपणे उत्तर देते, ते वाचल्यावर ते चार-पाच इंच कसे मिळवावे लागले हे कळतं.

हा खेळ मूठभरांचा होता, हेही तितकंच खरं. प्रवासाचा खर्च आपला, बक्षीस म्हणून पैसे नाहीत, क्लबचं सभासदत्व ओळखीपाळखीवर. साम्राज्यात जिथे जिथे जिमखाने उभे राहिले तिथे हे चित्र तसंच गेलं. मुंबईत या वर्तुळात शिरलेलं एक घर मराठी वाचकाला जवळचं वाटेल. वेदांचे आणि तुकारामाच्या गाथेचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी क्षमा, लग्नानंतर क्षमा राव, संस्कृतात लिहीत आणि टेनिस खेळत. गांधींच्या सत्याग्रहावर संस्कृत काव्य रचणारी ही बाई मुंबईच्या कोर्टांवर खेळे, आणि तिची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत सामना जिंकला. तिथे एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९१४ पूर्वीच्या याद्यांत मात्र असं नाव शोधू नये.

याद्यांवरून आठवलं. या काळाचा अभ्यास करणाऱ्याला सगळ्यात आधी नावांचा गुंता सोडवावा लागतो. मिस कूपर आणि मिसेस स्टेरी एकच, मिस डग्लस आणि मिसेस लँबर्ट चेंबर्स एकच, मिस थॉमसन आणि मिसेस लार्कोम एकच. क्लबच्या फलकांवर विवाहित विजेत्यांची नावं नवऱ्याच्या आद्याक्षरांनी रंगवलेली असत. १९०३ ची उपविजेती आणि १९१२ ची विजेती ही एकच बाई आहे हे लक्षात न घेतल्यास तिची नऊ वर्षांची चिकाटी कागदावर दिसतच नाही.

मग मोजायचं तरी कसं? मला विचाराल तर विजेतेपदांऐवजी ऑल कमर्स मोजावेत, म्हणजे कोण किती वेळा सगळ्या फेऱ्या पार करून आली. या मापाने चेंबर्सची या पंधरा वर्षांतली संख्या चार होते : १९०३, १९०६, १९१०, १९१३. सटनची दोन, आणि दोन्ही वेळा पुढे विजेतेपदही. स्टेरीचीही तेवढीच. १९००, १९०१, १९०४, १९०८ : चार. यातल्या दोनच वर्षी पद मिळालं, म्हणून बहुतेक आढाव्यांत ती चेंबर्सच्या बरीच खाली जाते. बेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर १९१२ मध्ये ती पुन्हा अंतिम सामन्यात होती, लार्कोमकडून ६-३, ६-१ अशी हरली, पण होती. इथे काही जण म्हणतील, गतविजेती म्हणून बसायला लागल्याने चेंबर्सला ऑल कमर्स खेळायची संधीच कमी मिळाली. रास्त आहे. कोणतंही एक माप पुरत नाही, पण दोन मापं शेजारी ठेवल्याशिवाय चित्र खरं होत नाही.

युद्धामुळे चार वर्षं स्पर्धा झाली नाही. १९१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा १९१४ ची विजेती चेंबर्स अजून गतविजेतीच होती, आता चाळीस वर्षांची. वीस वर्षांची लेंग्लेन गवतावर नवखी होती, पण सगळ्या फेऱ्या खेळून आलेली. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी पाहायला बसलेले. पहिला सेट लेंग्लेनचा, १०-८. दुसरा चेंबर्सचा, ६-४. मध्यंतरात लेंग्लेनने ब्रँडीचे घोट घेतले हे सगळ्या इंग्लंडला आवर्जून लक्षात राहिलं. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स ६-५ आणि ४०-१५ अशी पुढे होती. दोन मॅच पॉइंट. त्यातला एक लेंग्लेनच्या रॅकेटच्या चौकटीला लागून कसाबसा पलीकडे पडलेल्या चेंडूने वाचला. शेवटी ९-७. सामन्यात ४४ गेम झाले. पाच वर्षांत विम्बल्डनला एकेरीचा एकही सामना न खेळलेली चाळिशीची बाई जगातल्या सर्वोत्तम खेळाडूपासून एका गुणावर थांबली. युद्धापूर्वीचं महिला टेनिस पोरकट होतं असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

चेंबर्स १९२० मध्ये पुन्हा आली. या वेळी विजेतेपद तिच्याकडे नव्हतं, म्हणून तिला पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं. एकेचाळिसाव्या वर्षी तिने मॉला मॅलरीला हरवलं, एलिझाबेथ रायनला हरवलं आणि चॅलेंज राउंड गाठला. तिथे वर्षभर त्या एका सामन्यासाठी थांबलेली लेंग्लेन उभी होती, आणि ती ६-३, ६-० अशी जिंकली. बसून राहिल्याने सराव तुटतो हा माझा तर्क लेंग्लेनसारखीच्या बाबतीत साफ कोसळतो, हे मान्य करायला हवं. १९२१ मध्येही तसंच झालं. रायन फेऱ्या पार करून आली आणि ६-२, ६-० अशी हरली. १९२२ मध्ये क्लब वर्पल रोडहून चर्च रोडच्या नव्या जागी गेला आणि चॅलेंज राउंड रद्द झाला. त्या वर्षी लेंग्लेनला इतरांसारखं पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं. अंतिम सामन्यात तिने मॅलरीला हरवलं, पुन्हा ६-२, ६-० असंच.